राजगड एका दिवसात, पण नीट बघून

राजगडावर पहिल्यांदा गेलो तेव्हा काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं: पिठलं-भाकरी, बालेकिल्ल्याच्या वाटेवरची रांग आणि पुढच्या माणसाच्या बुटांच्या टाचा. चोर दरवाजाने धापा टाकत वर आलो, पद्मावतीच्या देवळात दीड तास लोळलो, बालेकिल्ल्यावर फोटो काढले आणि "अंधार पडायच्या आत उतरू या रे" असं कुणीतरी म्हटल्यावर धावतपळत खाली. संजीवनी माची, म्हणजे बालेकिल्ल्याखाली पसरलेला तटबंदीचा एक भाग, लांबूनच दिसली. ज्या दगडी चौथऱ्याला सॅक टेकवून भाकरी खाल्ली, ती सईबाईंची समाधी होती, हे घरी आल्यावर कळलं. त्या दिवसाची लाज अजून वाटते.

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या झाल्या. एका दिवसात राजगड घाई न करता कसा पाहायचा याचा एक क्रम त्यातून बसत गेला, तो इथे देतो. पडका गड बघायला पाय लागतात त्याहून जास्त वेळेचा हिशोब लागतो. आणि कुठे थांबायचं हे आधी ठरलेलं नसेल तर माणूस नको तिथे थांबतो.

आधी थोडी ओळख

जागा पुणे जिल्ह्यात, पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, गुंजवणी आणि कानंद या नद्यांच्या खोऱ्यांमध्ये. डोंगराचं जुनं नाव मुरुंबदेव. शेजारचा तोरणा याच्याहून थोडा उंच, पण त्याच्या माथ्यावर वस्तीला ऐसपैस जागा नाही. इथे मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पसरलेल्या तीन माच्या: उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येकडे संजीवनी. शिवाजी महाराजांनी इथेच राजधानी केली आणि ती सुमारे पंचवीस वर्षं इथे राहिली. सईबाईंचं निधन 1659 साली याच गडावर झालं, राजाराम महाराजांचा जन्म 1670 साली इथलाच. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, पण राजगड हातात राहिला. पुढे 1704 मध्ये औरंगजेबाने तो घेतला आणि त्याचं नाव नबीशाहगड ठेवलं. तीनेक वर्षांत तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि ते नाव तिथेच संपलं.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात राजगड आहे. गडाचं संरक्षण राज्य पुरातत्त्व खात्याकडे आहे. वर मुक्काम, तंबू, चूल, ड्रोन यांचे नियम त्यामुळे बदलत राहतात. निघण्याच्या आठवड्यात पायथ्याच्या गावात फोन करून विचारा. चार वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका. मी मुक्काम धरतच नाही, खालचा सगळा हिशोब एका दिवसाचा आहे.

कधी जायचं

पावसाळ्यात गड सुंदर दिसतो यात वाद नाही. पण ढगात दहा पावलांपुढचं दिसत नाही, दगडांवर शेवाळ असतं आणि तटाच्या कडेला निसरडं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी फुलते, फोटो झकास येतात. अडचण एकच, आणि ती फारसं कुणी सांगत नाही: तेव्हा गवत कमरेइतकं माजलेलं असतं. पडक्या गडावर पाहायचं असतं ते जमिनीलगत. घरांची जोती (पायाचे दगडी चौथरे), उंबरठे, दगडी पन्हळी, वाटांचे काठ हे सगळं त्या गवतात बुडालेलं असतं. अवशेष बघायचे असतील तर डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. गवत वाळून आडवं झालेलं असतं, उन्हं तिरपी असतात आणि सकाळच्या त्या उजेडात एरवी न दिसणाऱ्या जोत्यांच्या रेषा सावलीने उठून येतात. कॅमेरा असो-नसो, हा उजेड गाठा.

मार्च उलटला की वर सावली नाही. शनिवार-रविवार शक्यतो टाळा. एखादा मंगळवार रजा टाकून जा, बालेकिल्ल्याच्या चढावर रांगेत उभं राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

वाट कुठली

गडाला वाटा बऱ्याच, पण नवख्याने दोनच लक्षात ठेवाव्यात.

पहिली गुंजवणे गावातून चोर दरवाजाची. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर फाट्याला वळायचं, वेल्ह्याच्या रस्त्याने मार्गासनी, तिथून साखरमार्गे गुंजवणे. वाट जंगलातून चढते, शेवटचा टप्पा उभा आणि खडकाळ, आधाराला लोखंडी कठडे. दरवाजा इतका लहान की वाकूनच आत शिरावं लागतं. डोकं वर काढलं की समोर पद्मावती तलाव. मजा आहे, पण गर्दीच्या दिवशी कठड्यापाशी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि अर्धा तास तिथेच जातो.

दुसरी पाली दरवाजाची, पाली गावाच्या बाजूने. ही पायऱ्यांची, रुंद आणि गडाची खरी मोठी वाट. माझा कौल हिलाच. सोपी आहे हे कारण नाही, जरी पासष्टीच्या आईला मी याच वाटेने नेलं होतं. खरं कारण असं की राजधानीचा राबता जिथून होता तिथून वर गेलं की गड आपल्याला ज्या क्रमाने दिसायला हवा त्या क्रमाने दिसतो. चोर दरवाजा म्हणजे मागच्या दाराने घरात शिरणं. घर बघायचंय तर पुढच्या दाराने जावं.

गुंजवणे दरवाजाची वाट अवघड आणि कमी वापरातली आहे. संजीवनीवरच्या आळू दरवाजातून भुतोंड्याकडे आणि तोरण्याच्या धारेकडे वाटा जातात. त्या माहीतगार सोबत असेल तरच.

एसटीने जाणार असाल तर स्वारगेटहून वेल्ह्याकडे गाड्या आहेत, पण पहाटेच्या वेळा जुळवणं कठीण. चार जण मिळून गाडी केली तर सूर्य डोक्यावर यायच्या आत वर पोचता येतं.

सॅकमध्ये काय

माणशी तीन लिटर पाणी. वर टाकी आहेत, गावची माणसं ताक आणि लिंबू सरबत विकायला बसलेली असतात, पण त्यांच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या नेऊ नका; आडवारी कुणी भेटेलच असं नाही. दुपारचं जेवण वर मिळालं तर त्यांच्याकडेच घ्या, चार पैसे गावात जातात. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पकड असलेले बूट, भाजलेले शेंगदाणे, गूळ, मीठ-साखरेची पुडी. आणि विजेरी, दिवसासुद्धा. मोबाईलचा उजेड चालेल असं वाटतं, पण एक हात कातळाला धरलेला असताना दुसऱ्या हातातला महागाचा फोन सांभाळत अंधाऱ्या जिन्यात उतरून बघा म्हणजे कळेल. डोक्याला बांधायची विजेरी सगळ्यांत बरी.

अत्तर, डिओ लावून येऊ नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात, त्यांना उग्र वास आणि धूर चालत नाही. मोहोळ उठलंच तर हात न झटकता, डोकं-तोंड कपड्याने झाकून, कड्याची बाजू सोडून तिथून निघायचं.

साडेसहा ते नऊ: चढ आणि पाली दरवाजा

सहा-साडेसहाला पायथ्याहून चालायला लागा. दमत, बसत, गप्पा मारत दोन ते अडीच तास धरा.

पाली दरवाजा एक नाही, दोन आहेत. खालचा चांगलाच उंच आणि रुंद. तो ओलांडून अजून थोडं चढलं की वरचा, दोन्ही बाजूंनी बुरुजांनी धरलेला. इथे पहिला मोठा थांबा घ्या, वीस मिनिटांचा. पाणी प्या आणि आपण हल्ला करायला आलो आहोत अशी कल्पना करून आजूबाजूला बघा. खालचं दार फोडलंत तर पुढे कुठे अडकता? वरून तुमच्यावर कोण कुठून नेम धरेल? तटातली ती अरुंद, तिरपी भोकं म्हणजे जंग्या. आतून बंदुकीची नळी बाहेर निघते, बाहेरच्याला मात्र आतलं काही दिसत नाही. बुरुजावरचे गोल झरोके तोफांसाठी. दाराच्या आत गेल्यावर दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या खोल्या. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत चौकोनी खाच शोधा. आगळ, म्हणजे दार आतून लावायचं जाडजूड आडवं लाकूड, तिच्यात बसायचं. लाकूड कधीच गेलं, खाच राहिली. पडक्या गडावर बरंचसं असंच आहे, गेलेल्या वस्तूच्या जागेवरून वस्तू ओळखायची.

नऊ ते साडेअकरा: आधी संजीवनी

दरवाजातून आत आलं की डावीकडे पद्मावती, उजवीकडे संजीवनी. सगळे डावीकडे वळतात, कारण तिकडे देऊळ, पाणी आणि जेवण. तुम्ही उजवीकडे वळा. या लेखातलं एकच वाक्य पाळायचं असेल तर हे पाळा.

संजीवनी सुमारे अडीच किलोमीटर लांब, सोंडेसारखी निमुळती, तीन टप्प्यांत उतरत जाणारी. वर झाड नाही, म्हणून ऊन चढायच्या आत इथे यायचं; दुपारी इथे आलेला माणूस पहिल्या टप्प्यावरूनच परत फिरतो. वाटेत दोन्ही बाजूंना घरांची जोती आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. टाक्याजवळ थांबा. त्याच्या भिंतींवर छिन्नीचे माग दिसतात. टाकं खोदताना निघालेला दगड तट आणि घरं बांधायला वापरायचे, म्हणजे एका खणण्यात पाण्याची सोय आणि भिंतींचा माल. चढून दगड आणायचे नाहीत, दगड जिथे आहे तिथेच गड उभा करायचा. जोत्यांवर भिंती का नाहीत हा प्रश्न नेहमी येतो. जोतं दगडाचं, वरचं बरंचसं काम लाकूड, विटा, माती आणि शाकारणीचं. दोन-तीनशे पावसाळ्यांत वरचं वाहून गेलं, खालचं उरलं.

आता मुख्य गोष्ट. माचीच्या कडेला तट एकेरी नाही, दुहेरी आहे. बाहेर एक भिंत, आत दुसरी, मधे माणूस जेमतेम चालेल अशी खोल बोळ. बुरुजांचंही तेच: आत एक बुरूज, त्याला बाहेरून कवेत घेणारा दुसरा. अंगावर चिलखत चढवावं तसा, म्हणून चिलखती बुरूज. तोफेने बाहेरचा पाडला तरी आतला शाबूत. आणि बाहेरची भिंत ओलांडून आत उडी मारलेला शत्रू त्या बोळात सापडतो, डोक्यावर गडकरी, पुढे-मागे भिंत. हे पुस्तकात वाचून समजत नाही. बोळीत उभं राहून मान वर केली की एका क्षणात समजतं.

बोळीत उतरायला तटाच्या पोटातून दगडी जिने आणि दिंड्या, म्हणजे लहान दारं, आहेत. विजेरी इथे लागते. आधी उजेड टाका, काठी आपटा, पायरी दिसल्यावरच पाऊल टाका. गारव्याला साप आणि वटवाघळं दोन्ही असतात. ज्या जिन्याचा दगड हलतोय त्यात शिरू नका. तटाच्या माथ्यावरून चालत जाऊन फोटो काढायची हौस तर पूर्ण सोडा. सांध्यातला चुना कित्येक ठिकाणी गेलेला आहे. तुमचा जीव जाईल ते एक, आणि निसटलेला दगड पुन्हा कुणी आणून बसवणार नाही ते दुसरं.

आळू दरवाजा याच माचीवर. त्यावरचं शिल्प शोधा: वाघाने सांबराला उताणं पाडलंय. समोर तोरणा इतका जवळ दिसतो की हाक मारावी. शेवटच्या टप्प्याच्या टोकापर्यंत जायचं की नाही हे घड्याळाकडे बघून ठरवा; अकराला परत फिरायचंच.

बारा ते दीड: पद्मावती

आता जेवण. पद्मावती माची सगळ्यांत मोठी आणि नांदती वस्ती इथे होती, म्हणून अवशेषही इथे दाटीने आहेत. देवळात पद्मावती देवीचं दर्शन घ्या. समोरची समाधी सईबाईंची. तिच्यावर बसू नका, तिला सॅक टेकवू नका, पुढचं मी वर सांगितलंच आहे. जवळ रामेश्वराचं देऊळ, खाली तलाव, वरच्या अंगाला राजवाड्याची जोती, सदर (कारभाराची बैठक), अंबारखाना (धान्याचं कोठार), दारूकोठार.

राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांसमोर जयपूर-उदयपूर आणून इथे आलात तर हिरमोड होईल. इथे जोतं आहे, पायऱ्या आहेत, खांबांच्या तळखड्यांच्या जागा आहेत. मी एक करतो, हसलात तरी चालेल: जोत्याच्या कडेकडेने पावलं मोजत एक चक्कर मारतो. लांबी किती, रुंदी किती, दार कुठे असेल, पाणी कुठून येत असेल. दहा मिनिटांत त्या चौथऱ्याचं घर होतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हेच काम द्या. इतिहासाच्या भाषणापेक्षा ती यात जास्त रमतात.

काही ठिकाणी अलीकडची डागडुजी दिसेल. नवा चुना उजळ, दगडाच्या कडा धारदार. जुन्या दगडावर ऊनपावसाचा काळपट थर आणि दगडफूल. कुठलं जुनं आणि कुठलं नवं हे एकदा डोळ्याला कळलं की गड पाहण्याची रीतच बदलते.

दोन ते चार: बालेकिल्ला किंवा सुवेळा

दोन्ही होतील, पण धावत होतील. माझं मत, थकलेले असाल तर एकच निवडा.

बालेकिल्ल्याचा चढ लहान पण उभा. कातळातल्या पायऱ्या, कठडे, एका वेळी एकाच माणसाची वाट. सॅक खाली एखाद्याजवळ ठेवून हात मोकळे करून चढा. वर तोंड करून चढणं सोपं असतं. उतरताना कातळाकडे तोंड करून शिडीसारखं उतरा. उंचीची भीती असलेल्याला ढकलू नका, पद्मावतीवर पाहण्यासारखं बरंच आहे. महादरवाजावर कमळ आणि स्वस्तिक कोरलेलं आहे. अफजलखानाचं डोकं इथे पुरलं अशी कथा वाटाड्या सांगेल. कथा म्हणून ऐका. आत जननी देवी, चंद्रतळं, वाड्यांचे अवशेष. उत्तरेच्या बुरुजावरून पद्मावती माची नकाशा अंथरल्यासारखी दिसते, आणि मघाशी मोजलेलं जोतं वरून ओळखता येतं. हवा स्वच्छ असेल तर सिंहगड, पुरंदर, तोरणा, पलीकडे रायगड आणि लिंगाणा. राजधानी पुढे रायगडावर का गेली आणि इथे आधी का होती, यावर इथे बसून वाद घालायला मजा येते. दोन्ही जागा एका नजरेत असतात.

सुवेळा निवडलीत तर चाल सपाट आहे. वाटेत डुबा नावाचं टेकाड, मारुती, आणि पुढे नेढं: कड्याला आरपार पडलेलं भलंमोठं भोक, त्यात बसलं की वारा कानाला लागतो. तिथे जायचा शेवटचा भाग खडकावरून चढण्याचा आहे आणि मोहोळं बहुतेक याच बाजूच्या कड्यांना असतात. आधी वर बघा, मग चढा. नेढ्यात फटाके फोडणारी, स्पीकर लावणारी मंडळी दिसली तर मी लांबूनच परत फिरतो.

उतरताना

हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. चार-साडेचारला पाली दरवाजा सोडायचाच, मग काहीही राहिलेलं असो. उतार दीड तासाचा, पण दिवसभर चाललेले गुडघे इथेच बोलायला लागतात. पायऱ्यांवर नागमोडी उतरा, बुटाच्या नाड्या उतरण्याआधी पुन्हा घट्ट बांधा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतात. रिकाम्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं आपली तर न्याच, जमलं तर दुसऱ्याच्या दोन उचला. त्यासाठी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात एक मोकळी गोणपाटाची पिशवी असू द्या. आणि एसटीने परतणार असाल तर शेवटची गाडी किती वाजता, आणि ती चुकली तर मार्गासनीपर्यंत सोडणारी जीप कुणाची, हे पायथ्याच्या चहावाल्याला सकाळीच विचारून ठेवा. संध्याकाळी तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो.